घरासाठी प्रोजेक्शन टीव्ही निवडताना: आधी खोली, मग स्क्रीन आणि सर्वांत शेवटी यंत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाणखान्यात सध्याच्या टीव्हीच्या जागी सुमारे १०० इंची चित्र हवे आहे. बैठक भिंतीपासून साडेतीन मीटरवर आहे, एका बाजूला मोठी खिडकी आहे, भिंती आणि छत पांढरे आहेत, दिवसा बातम्या व सामने आणि रात्री चित्रपट पाहिले जातात. अशा घरात प्रोजेक्शन टीव्ही घ्यावा का, घ्यायचा तर भिंतीलगत ठेवायचा ‘लेझर टीव्ही’ की छताला टांगायचा नेहमीचा प्रोजेक्टर, आणि जाहिरातींतल्या कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवावा? घरांमध्ये प्रोजेक्टर बसवून त्यांचे रंग आणि उजेड जुळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या कामातून माझे एक ठाम मत झाले आहे, ते असे की या प्रश्नाचा विचार यंत्रापासून सुरू केला तर खरेदी बहुधा चुकते. तो खोलीपासून सुरू करावा लागतो.

‘प्रोजेक्शन टीव्ही’ या नावाखाली पूर्वी मिळणारी वस्तू आज बाजारात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मोठ्या कपाटासारख्या खोक्यात मागच्या बाजूने काचेवर चित्र पाडणारे ते टीव्ही सोनीने २००८ च्या सुमारास बंद केले आणि सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ अखेर त्यांचे उत्पादन थांबवले. असा जुना संच कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्याचे दिवे मिळणे अवघड असते, आतील सूक्ष्म आरसे अडकून चित्रावर कायमचे पांढरे ठिपके उमटण्याचा दोष त्या पिढीतील अनेक संचांत आढळतो, आणि नळ्यांचे संच असतील तर लाल, हिरवी व निळी अशी तिन्ही चित्रे एकमेकांवर बसवत राहणे हे न संपणारे काम होऊन बसते. आज निवड आहे ती दोन प्रकारांत. एक, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून किंवा छतावरून चित्र टाकणारा नेहमीचा प्रोजेक्टर. आणि दुसरा, भिंतीपासून वीतभर अंतरावर टेबलावर ठेवून वरच्या दिशेने चित्र टाकणारा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर, ज्याला विक्रेते लेझर टीव्ही म्हणतात. यात ट्यूनर, ध्वनिवर्धक आणि टीव्हीची सॉफ्टवेअर प्रणाली असली तरी आतून तोही प्रोजेक्टरच आहे, आणि प्रोजेक्टरच्या साऱ्या मर्यादा त्यालाही लागू होतात.

त्यांतील सर्वांत मोठी मर्यादा ही की प्रोजेक्टरला काळा रंग निर्माण करता येत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो. चित्रातील काळी जागा म्हणजे जिथे त्याने प्रकाश टाकला नाही ती जागा, आणि त्या जागी खोलीत आधीपासून जेवढा उजेड आहे तेवढीच ती काळी दिसते. दिवसा बंद टीव्ही काळा दिसतो आणि प्रोजेक्टरची स्क्रीन पांढरी दिसते, एवढ्यावरून हा फरक लक्षात यावा. आपल्याच खोलीचे गणित करून पाहू. १०० इंची स्क्रीन साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर होते. तिच्यावर प्रत्यक्ष १५०० ल्युमेन (यंत्राने टाकलेल्या एकूण प्रकाशाचे माप) पोहोचले तर साध्या पांढऱ्या स्क्रीनवर पांढऱ्या रंगाची प्रखरता सुमारे १७० निट (पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो याचे माप) मिळते. हा आकडा वाईट नाही, कारण चित्रपटगृहातील मानक प्रखरता ४८ निट आहे आणि तेवढ्यासाठी या आकाराच्या स्क्रीनवर जेमतेम ४१५ ल्युमेन पुरतात. आता खिडकीचे पातळ पडदे ओढूनही स्क्रीनवर १०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड पडत असेल, तर तीच स्क्रीन चित्र नसतानाही सुमारे ३२ निट परत फेकते. म्हणजे या चित्रातील काळा ३२ निटचा आणि पांढरा २०० निटचा. दोघांमधील गुणोत्तर अवघे सहास एक. बातम्या वाचणाऱ्याचा चेहरा त्यात ओळखू येईल, धावफलकही वाचता येईल. परंतु रात्रीचे दृश्य राखाडी धुक्यात हरवून जाईल. खोक्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे हेच गुणोत्तर, दहा लाखांस एक असे छापलेले असले तरी या खोलीत या वेळी तो सहास एकच आहे.

यावर दुप्पट ल्युमेनचे यंत्र घ्यावे असे अनेकांना सुचते. तसे केल्यास गुणोत्तर सहावरून अकरा-बाराच्या आसपास जाते. सुधारणा होते, पण खर्चाच्या मानाने थोडी. याउलट जाड पडद्यांनी स्क्रीनवरचा उजेड १०० लक्सवरून १० लक्सवर आणला, तर त्याच १५०० ल्युमेनमध्ये गुणोत्तर पन्नासच्या पुढे जाते. म्हणून माझा पहिला सल्ला यंत्राचा नसून खिडकीच्या पडद्यांचा असतो: अस्तर लावलेले, प्रकाश अडवणारे आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे. स्क्रीनच्या समोरच्या भिंतीत खिडकी असेल तर ती सर्वांत घातक. बाजूची असेल तर तिचा त्रास पुष्कळ कमी करता येतो. आपली खिडकी बाजूला आहे, ही जमेची गोष्ट आहे.

दुसरा खर्च स्क्रीनचा, आणि इथेच लोक हात आखडता घेतात. बाहेरचा उजेड नाकारणाऱ्या स्क्रीन दोन जातींच्या असतात आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, ही गोष्ट मी प्रत्येक ग्राहकाला दोनदा सांगतो. लेझर टीव्हीसाठी बनवलेल्या स्क्रीनवर आडव्या, अतिशय बारीक दातेरी रेघा असतात; प्रत्येक दाताची खालची बाजू खालून येणारा प्रकाश प्रेक्षकाकडे वळवते आणि वरची काळपट बाजू छताकडून येणारा उजेड गिळते. अशा स्क्रीनवर छतावरच्या प्रोजेक्टरचे चित्र टाकले तर तेही गिळले जाते. नेहमीच्या प्रोजेक्टरसाठीच्या स्क्रीन करड्या रंगाच्या आणि चकाकत्या लेपाच्या असतात. त्या समोरून आलेला प्रकाश पुन्हा समोर पाठवतात, पण बाजूला बसणाऱ्याला चित्र मंद दिसते, मधोमध उजळ डाग जाणवू शकतो आणि पांढऱ्या ढगांवर किंवा बर्फावर बारीक चमचम दिसते. वरच्या गणितात दातेरी स्क्रीन घालून पाहू. तिचा परावर्तन गुणक (साध्या पांढऱ्या स्क्रीनच्या तुलनेत परत येणारा प्रकाश) ०.६ धरला तर १७० निटचे सुमारे १०४ होतात, म्हणजे चित्र मंद होते. पण तिने वरून येणारा ८० टक्के उजेड नाकारला तर काळा ३२ वरून साडेसहा निटवर येतो आणि गुणोत्तर सहावरून सतरावर जाते. स्क्रीनने प्रकाश वाढवला नाही, उलट कमीच केला, तरी चित्र कितीतरी सुधारले. मात्र हा हिशेब छताच्या दिव्यांचा आहे. बाजूच्या खिडकीतून आडवा येणारा उजेड या आडव्या रेघा तितक्या प्रभावीपणे अडवत नाहीत, त्यामुळे अशी स्क्रीन घेऊनही खिडकीला जाड पडदा लागतोच.

आणखी एक उजेड असतो, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तो चित्राचा स्वतःचाच उजेड. पांढऱ्या खोलीत स्क्रीनवरून निघालेला प्रकाश छतावर, बाजूच्या भिंतींवर, फिकट सोफ्यावर आपटून पुन्हा स्क्रीनवर येतो आणि काळा रंग धुऊन टाकतो. सर्व दिवे बंद असतानाही, एकाच वेळी उजळ आणि गडद भाग असलेल्या दृश्यात, अशा खोलीत खरा कॉन्ट्रास्ट शंभराच्या खाली येऊ शकतो. मग यंत्र कितीही उत्तम असो. उपाय साधा आहे आणि तुलनेने स्वस्तही. स्क्रीनजवळचे पहिले एक-दीड मीटर छत आणि तेवढाच बाजूच्या भिंतींचा पट्टा यांना चकाकी नसलेला गडद करडा, गडद निळा किंवा तपकिरी रंग द्यावा. घरच्यांना गडद छत पसंत नसेल तर बाजूच्या भिंतींवर ओढता येणारे गडद कापडी पडदे लावावेत. एकाच यंत्राचे चित्र रंगकामाआधी आणि नंतर मोजून पाहिले की हा खर्च किती सार्थकी लागतो, हे पटल्यावाचून राहत नाही.

खोली आणि स्क्रीन ठरली की किती ल्युमेन हवेत हे ठरवता येते. पूर्ण अंधार करता येणाऱ्या खोलीत १०० इंची पांढऱ्या स्क्रीनसाठी प्रत्यक्ष सहाशे ते नऊशे ल्युमेन पुरेसे आहेत. दिव्यांच्या मंद उजेडात संध्याकाळी पाहायचे तर दीड हजार लागतील, आणि दिवसा पडदे ओढून पाहायचे तर दोन हजार वा अधिक. १२० इंची चित्र हवे असेल तर क्षेत्रफळ १.४४ पट होत असल्याने हे सारे आकडे त्याच पटीत वाढवावेत. यातील ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहीर केलेला आकडा आयएसओ २१११८ या मानकानुसार किंवा एएनएसआय पद्धतीने मोजलेला असला, तरी तो यंत्राच्या सर्वांत उजळ अवस्थेतला असतो, आणि त्या अवस्थेत चित्रावर बहुधा हिरवट छटा असते, जिच्यात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. रंग जिथे बरोबर असतात त्या सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडमध्ये साधारण ६० ते ७० टक्केच प्रकाश उरतो. म्हणून २५०० ल्युमेनचे यंत्र घेताना मनात १५०० ते १७०० धरावेत. जिथे नुसतेच ‘ल्युमेन’, ‘एलईडी ल्युमेन’ किंवा ‘प्रकाशस्रोताचे ल्युमेन’ असे लिहिलेले असते आणि मोजणीची पद्धत सांगितलेली नसते, तिथे तो आकडा विचारातच घेऊ नये. दहा-बारा हजार ल्युमेनचा दावा करणारी छोटी, स्वस्त यंत्रे मी मोजली आहेत. त्यांतील काहींचे दोन-तीनशे ल्युमेनसुद्धा स्क्रीनपर्यंत पोहोचत नव्हते.

रिझोल्यूशनच्या, म्हणजे चित्रातील पिक्सेलांच्या संख्येच्या, बाबतीत असाच एक शब्द लपून बसलेला असतो. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ ते यंत्र फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेल) संकेत स्वीकारते एवढाच. आतील चिप १२८० बाय ७२० चीही असू शकते. विचारायचा प्रश्न एकच: यंत्राचे मूळ रिझोल्यूशन किती? घरगुती डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ०.४७ इंची चिपवर १९२० बाय १०८० इतकेच आरसे असतात, परंतु एका फ्रेमच्या काळात चित्र चार वेळा किंचित सरकवून ती ३८४० बाय २१६० पिक्सेल स्क्रीनवर उमटवते. याला फसवणूक म्हणता येणार नाही. बसण्याच्या अंतरावरून त्याचा परिणाम उत्तम दिसतो. १०० इंची स्क्रीनवर फुल एचडीचा (१९२० बाय १०८०) एक पिक्सेल सुमारे १.१५ मिलिमीटरचा असतो आणि निरोगी डोळ्याला तो साधारण चार मीटरपर्यंतच वेगळा ओळखता येतो. आपली बैठक साडेतीन मीटरवर आहे. तिथून फोर-केचा फायदा दिसेल, पण तो थोडा असेल. उत्तम काळा रंग देणारे फुल एचडी आणि फिकट काळा देणारे फोर-के अशा दोहोंत निवड करायची वेळ आली, तर मी विचार न करता पहिले घेईन. आकाराबद्दल बोलायचे तर साडेतीन मीटरवरून १०० इंची चित्र दृष्टीचा सुमारे ३५ अंशांचा कोन व्यापते. चित्रपटांसाठी ३० ते ४० अंश सुखावह मानले जातात, त्यामुळे आपण ठरवलेला आकार योग्य आहे. तरीही खरेदीआधी भिंतीवर कागदी चिकटपट्टीने तेवढा आयत आखून काही दिवस राहू द्यावा. दार उघडताना तो आड येतो का, समोरचे कपाट त्याला झाकते का, हे त्यातून आपोआप कळते.

आता जागा. नेहमीच्या प्रोजेक्टरचे थ्रो गुणोत्तर म्हणजे लेन्सपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. ते १.२ ते १.५ असेल तर २२१ सेंटिमीटर रुंद चित्रासाठी लेन्स भिंतीपासून २.६५ ते ३.३ मीटरवर हवी, म्हणजे आपल्या खोलीत बरोबर डोक्याच्या वर किंवा किंचित पुढे. छताला टांगताना लेन्स शिफ्ट असलेले यंत्र घ्यावे, म्हणजे यंत्र न वाकवता चित्र वर-खाली सरकवता येते. लेन्स शिफ्ट नसेल तर विक्रेता कीस्टोन दुरुस्तीचे, म्हणजे तिरके पडलेले चित्र यंत्राच्या आतच ताणून चौकोनी करण्याच्या सोयीचे, गुणगान करतो, आणि आजची यंत्रे ती कॅमेऱ्याच्या मदतीने आपोआप करतातही. पण त्यात चिपवरचे काही पिक्सेल न वापरताच सोडले जातात, उरलेले ताणले जातात आणि रेषांची धार जाते. कीस्टोन ही प्रवासातल्या छोट्या यंत्राची गरज आहे. कायमच्या बसवणीत ती शून्यावर असली पाहिजे.

लेझर टीव्हीचे गणित अधिक नाजूक आहे. त्याचे थ्रो गुणोत्तर ०.२५ च्या आसपास असल्याने लेन्स भिंतीपासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर येते आणि बाकीचे अंग लेन्सच्या पुढे-मागे पसरलेले असते. त्यामुळे टीव्हीचे नेहमीचे अरुंद कपाट पुरत नाही किंवा ते भिंतीपासून पुढे ओढावे लागते. याच गुणोत्तरामुळे यंत्र एक सेंटिमीटर मागे-पुढे झाले की चित्राची रुंदी चार सेंटिमीटरनी बदलते. झाडताना कपाटाला लागलेला धक्कासुद्धा चित्र चौकटीबाहेर नेतो, म्हणून मी यंत्राच्या पायांखाली जागेच्या खुणा करून ठेवतो आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्के करतो. उंचीचाही विचार लागतो. चित्राची खालची कड यंत्राच्या बैठकीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटर वर सुरू होते (नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेतील तक्त्यात असतो). कपाट ५० सेंटिमीटर उंच असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून जवळजवळ दीड मीटरवर जातो, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे तर मीटरभर-सव्वा मीटरवरच असतात. त्यामुळे कपाट बुटके हवे, २५ ते ३० सेंटिमीटरचे. आणि भिंत. इतक्या तिरप्या कोनातून आलेला प्रकाश भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा आणि कापडाची प्रत्येक लाट कित्येक पटींनी वाढवून दाखवतो. सरळ रेषा नागमोडी दिसतात. लेझर टीव्हीला ताणून बसवलेली चौकटीची स्क्रीनच लागते, गुंडाळणारी साधी स्क्रीन चालत नाही आणि रंगवलेली भिंत तर मुळीच नाही. नेहमीच्या प्रोजेक्टरच्या बाबतीत मात्र सपाट, पांढऱ्या, चकाकी नसलेल्या भिंतीवर सुरुवात करून स्क्रीन नंतर घेता येते. हा त्याचा मोठा आर्थिक फायदा आहे.

यंत्राच्या आत चित्र घडवण्याच्या तीन पद्धती आहेत. डीएलपी पद्धतीचा पाया असलेली सूक्ष्म आरशांची चिप टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधली. आज बहुतेक लेझर टीव्ही याच चिपवर चालतात. चित्र धारदार, आटोपशीर यंत्र, आरसे वर्षानुवर्षे टिकणारे. पण घरगुती यंत्रात चिप एकच असल्याने लाल, हिरवे आणि निळे चित्र एकामागून एक दाखवले जाते, आणि काही माणसांना नजर झटकन फिरवताना उजळ वस्तूंच्या कडेला रंगीत रेघा दिसतात. याला रेनबो परिणाम म्हणतात. कोणाला तो कधीच दिसत नाही, तर कोणाचे डोके अर्ध्या तासात दुखू लागते. म्हणून घरातील प्रत्येकाने खरेदीपूर्वी काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी उपशीर्षके पाहत नजर डावीकडून उजवीकडे फिरवून बघावी. तीन एलसीडी पॅनलांच्या पद्धतीत, जिचा पुरस्कार प्रामुख्याने एप्सन करते, तिन्ही रंग एकाच वेळी पडतात. हा परिणाम उद्भवतच नाही आणि रंगीत प्रकाश पांढऱ्याइतकाच मिळतो. तिचे दुखणे म्हणजे पॅनलवर बसणारी धूळ, जी गडद दृश्यात अस्पष्ट डागासारखी दिसते, आणि दीर्घकाळच्या उष्णतेने होणारी पॅनलची झीज. तिसरी पद्धत एलकॉस, म्हणजे प्रकाश परावर्तित करणाऱ्या द्रवस्फटिक चिपची. सोनी तिला एसएक्सआरडी आणि जेव्हीसी डी-आयएलए म्हणते. काळा रंग, मूळ कॉन्ट्रास्ट आणि पिक्सेलांची जवळीक यांत तिला तोड नाही: चित्रपटाच्या काळोख्या दृश्यात छोट्या डीएलपी चिपचा मूळ कॉन्ट्रास्ट साधारण हजाराच्या आसपास घुटमळतो, तर चांगल्या एलकॉस यंत्राचा कित्येक दहा हजारांवर जातो. पण यंत्रे मोठी, जड, महाग, आणि त्यांचा गुण अंधाऱ्या खोलीतच दिसतो. पांढऱ्या दिवाणखान्यासाठी ती घेण्यात पैशाचा मोठा भाग वाया जातो, असे मी स्पष्ट सांगतो, विक्री करणाऱ्याला ते आवडो वा न आवडो.

कॉन्ट्रास्टच्या छापील आकड्याबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की ‘डायनॅमिक’ हा शब्द असेल तर तो पूर्ण पांढरी फ्रेम आणि प्रकाशस्रोत जवळजवळ विझवलेली काळी फ्रेम यांची तुलना असते. एकाच दृश्यात तसे कधीच घडत नाही.

प्रकाशस्रोताची निवड आता सोपी झाली आहे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा ३००० ते ५००० तासांत अर्ध्या उजेडावर येतो. रोज चार तास पाहणाऱ्या घरात म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांत. लेझरचे आयुष्य सर्वसाधारणपणे २०,००० तास सांगितले जाते, म्हणजे त्याच वापराने तेरा वर्षांहून अधिक. रोजच्या टीव्हीसाठी दिव्याचे यंत्र घेऊ नये. आठवड्यातून एक-दोन चित्रपटांसाठी मात्र ते आजही किफायतशीर आहे. वीज अचानक जात असेल तर दिव्याच्या यंत्राला छोटा यूपीएस लावावा, कारण पंखा बंद पडून तापलेला दिवा आतच राहणे त्याला मानवत नाही. तेरा वर्षे हा लेझरचा हिशेब आहे, यंत्राचा नव्हे: पंखे, फॉस्फरचे (प्रकाश पडताच वेगळ्या रंगात चमकणाऱ्या लेपाचे) चाक, विद्युत पाटी यांतले काहीही त्याआधी बिघडू शकते आणि लेझर घरी बदलता येत नाही. त्यामुळे हमीची मुदत आणि दुरुस्तीची सोय यांना मी रंगांच्या दाव्यांइतकेच वजन देतो.

लेझरमध्येही दोन प्रकार. निळा लेझर फॉस्फरवर पाडून बाकीचे रंग काढणारी यंत्रे शांत, स्थिर चित्र देतात. लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर वापरणाऱ्या यंत्रांचा रंगपट फार मोठा असतो आणि फुले, कपडे, समुद्र यांचे रंग त्यांत खरोखर वेगळेच दिसतात. परंतु शुद्ध लेझर प्रकाशामुळे एकसारख्या उजळ भागावर कणीदार थरथर दिसू शकते, ज्याला स्पेकल म्हणतात, आणि दातेरी किंवा चकाकत्या स्क्रीनवर ती वाढते. शिवाय इतक्या अरुंद पट्ट्यातील रंग दोन माणसांना किंचित वेगळे दिसू शकतात. एकाला चेहरा बरोबर वाटतो, दुसऱ्याला गुलाबी. म्हणून तीन लेझरचे यंत्र ज्या स्क्रीनवर घरी लावायचे त्याच स्क्रीनवर पाहिल्याशिवाय घेऊ नये.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजळ आणि गडद यांतील जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रांबद्दल, अपेक्षा माफक ठेवाव्यात. असे चित्रपट १००० निट किंवा त्याहून अधिक प्रखरता गृहीत धरून तयार केलेले असतात आणि आपल्या स्क्रीनवर १०० ते १७० निट आहेत. मधली दरी यंत्रातील टोन मॅपिंगने (मूळ प्रखरता यंत्राच्या आवाक्यात बसवण्याच्या प्रक्रियेने) भरून काढायची असते. ते चांगले नसेल तर एचडीआर चित्र साध्या चित्रापेक्षाही अंधारे दिसते. दृश्यागणिक बदलणारे डायनॅमिक टोन मॅपिंग असलेले यंत्र मिळाले तर त्यासाठी थोडे अधिक मोजणे योग्य ठरते. एचडीआर१० प्लस किंवा डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकारांचे चिन्ह असणे चांगलेच, पण ते चिन्ह प्रखरता वाढवत नाही.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. लेझर टीव्हीचे अंगभूत ध्वनिवर्धक बातम्यांना पुरतात; चित्रपटांसाठी ईआर्क (एचडीएमआय तारेतून यंत्राचा आवाज बाहेर नेणारी) जोडणी असलेला साउंडबार किंवा रिसीव्हर हवा. छतावरच्या प्रोजेक्टरचा आवाज कधीही यंत्रातून ऐकू नये, कारण मग संवाद डोक्यामागून येतात. पंख्याचा आवाज ३० डेसिबलच्या खाली असावा. व्हिडिओ गेम खेळणारे कोणी असेल तर इनपुट लॅग (बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब) विचारावा आणि गेम मोडमध्ये तो किती हे पाहावे. काही यंत्रांच्या अंगभूत प्रणालीवर मोठ्या स्ट्रीमिंग सेवा अधिकृतपणे चालतच नाहीत, आणि ज्यांच्यावर चालतात त्यांचेही सॉफ्टवेअर लेझरच्या कितीतरी आधी कालबाह्य होते. वेगळे स्ट्रीमिंग उपकरण लावणे हा कायमचा उपाय आहे, फक्त एचडीएमआय मार्गावर एचडीसीपी (नक्कल रोखणारी प्रणाली) २.२ किंवा त्यापुढील आवृत्ती असल्याची खात्री करावी. घरात लहान मूल असेल तर लेझर टीव्हीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी: झोत वर जात असतो आणि यंत्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. कोणी जवळ येताच प्रकाश मंद करणारा संवेदक बहुतेक यंत्रांत असतो. तो कधीही बंद करू नये, आणि लेन्समध्ये वाकून पाहायचे नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

यावरून आपल्या घराबद्दल माझे मत. दिवसाचे पाहणे रात्रीइतकेच महत्त्वाचे असेल आणि ८५ इंचांवर समाधान होणार असेल, तर प्रोजेक्शनचा विचार सोडून मोठा एलसीडी टीव्ही घ्यावा. तो भर दिवसा जे चित्र देईल ते कोणताही घरगुती प्रोजेक्टर देणार नाही. ९८ आणि १०० इंची टीव्हीही आता मिळतात आणि प्रखरतेत ते लेझर टीव्हीला सहज मागे टाकतात. त्यांची अडचण वजनाची आणि वाहतुकीची आहे: सव्वादोन मीटर रुंद काचेचे खोके उभेच न्यावे लागते, ते बऱ्याचदा लिफ्टमध्ये मावत नाही आणि वळणाच्या जिन्यात अडकते. तेव्हा असा टीव्ही ठरवण्यापूर्वी जिना, दार आणि बोळ टेपने मोजावेत. दिवसाचे पाहणे वरवरचे असेल आणि खरी बैठक संध्याकाळनंतर भरत असेल, तर आपल्या खोलीला २५०० ल्युमेनचा, फॉस्फर लेझरचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर, चौकटीवर ताणलेली दातेरी १०० इंची स्क्रीन, बुटके कपाट आणि खिडकीला जाड पडदे हे जुळणारे साहित्य आहे. एकूण पैशांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा स्क्रीन आणि पडदे यांसाठी वेगळा काढावा आणि उरलेल्यात यंत्र शोधावे. घरात एखादी छोटी खोली पूर्ण अंधारी करता येत असेल, तर सारा विचार बदलतो: तिथे साधी पांढरी स्क्रीन, गडद भिंती आणि नेहमीचा प्रोजेक्टर कमी पैशांत सर्वांत सुंदर चित्र देतील, आणि ऐपत असेल तर एलकॉसची किंमत तिथेच वसूल होईल.

प्रात्यक्षिक पाहायला जाताना आपले परिचयाचे चित्रपट आणि सामन्याचे चित्रण बरोबर न्यावे, कारण दुकानातील नमुनाचित्रांत काळोख जवळजवळ नसतोच. यंत्र सिनेमा मोडवर लावायला सांगावे. दिवे आधी बंद ठेवून आणि मग घरच्याइतके लावून, अशा दोन्ही वेळा तेच दृश्य पाहावे. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाची घडी वेगळी दिसते का, ते पाहावे. लेझर टीव्ही असेल तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांतील अक्षरे मधल्या अक्षरांइतकी स्पष्ट आहेत का हे जवळ जाऊन तपासावे, आणि हे अर्ध्या तासानंतर पुन्हा तपासावे, कारण लेन्स तापल्यावर काही यंत्रांचा फोकस किंचित सरकतो. यंत्र घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी पूर्ण काळी, पूर्ण पांढरी आणि पूर्ण करडी अशी तीन चित्रे स्क्रीनवर टाकावीत: काळ्यात कोपऱ्यांतून गळणारा प्रकाश आणि अडकलेले पिक्सेल दिसतात, पांढऱ्यात एका बाजूला झुकलेली रंगछटा दिसते आणि करड्यात धुळीचे डाग. यांपैकी काही आढळल्यास त्याचे छायाचित्र काढून त्याच दिवशी विक्रेत्याकडे लेखी तक्रार नोंदवावी, आणि मूळ खोके व आतील फोमचे साचे तोपर्यंत टाकू नयेत.